पिंपातली दुसरी रेघ

आमच्या घरात जेवणाआधी दोन गोष्टी म्हटल्या जायच्या. एक प्रार्थना, ती ममा म्हणायची. दुसरी उजळणी, ती डॅडी माझ्याकडून करून घ्यायचे. डॅडी म्हणजे क्लॉड फॉगल. केंटकीतल्या आमच्या टेकड्यांमध्ये एका मोठ्या भट्टीवर त्यांनी हयात काढली, आणि नियमाबाहेर एक थेंब जाऊ देत नाही म्हणून त्यांचं नाव होतं. मक्याच्या पावाचा तुकडा मोडता मोडता ते विचारायचे, "नेल्डा, बोर्बन कशाला म्हणायचं?" आणि मी, सात-आठ वर्षांची, खुर्चीवरून पाय हलवत घडाघडा म्हणायचे: आपल्या देशात केलेली, धान्यात निम्म्याहून जास्त मका असलेली, आतून जाळलेल्या ओकच्या नव्या पिंपात मुरवलेली, आणि पाण्याशिवाय वरून काहीही न घातलेली.

"कसल्या पिंपात?" ते मुद्दाम पुन्हा विचारायचे.

"नव्या."

"जुन्यात मुरवली तर?"

"तर व्हिस्की. नुसती व्हिस्की."

"शाब्बास." मग लोण्याची बशी माझ्याकडे सरकायची.

हे मी कौतुकाने सांगतेय असं समजू नका. ती उजळणी आठवली की हल्ली माझं डोकं उठतं, आणि लोणी तर मी खायचंच सोडलंय.

ममा गेल्यानंतर दोन वर्षांनी डॅडी निवृत्त झाले आणि मीही त्याच मोठ्या भट्टीवरची नोकरी सोडली. तिथे मी पंधरा वर्षं दुसऱ्याच्या नावाची बोर्बन गाळली. बाटलीवर ज्याचं चित्र होतं त्या दाढीवाल्याला मरून शंभर वर्षं होऊन गेली होती, तरी श्रेय त्याचं. मला माझं नाव हवं होतं. त्यात लाजण्यासारखं काही आहे असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. आम्ही आजोबांचं तंबाखू वाळवायचं कोठार झाडून घेतलं, तांब्याचं भांडं बसवलं आणि कामं वाटून घेतली. आंबवणं आणि गाळणं माझं. पिंपं आणि कोठार डॅडींचं.

लेबल मी पहिल्या शरदातच मनात लिहून ठेवलं होतं. फॉगल बोर्बन, बाँडेड, गाळणारी नेल्डा फॉगल. बाँडेड म्हणजे एकाच भट्टीची, एकाच हंगामाची, सरकारच्या नोंदीतल्या कोठारात निदान चार वर्षं काढलेली. आमच्याकडे हा शब्द बघून लोक बाटली दोन हातांनी उचलतात. आम्ही चारच्या जागी पाच वर्षं थांबायचं ठरवलं. पस्तिशीत मी पहिली धार काढली आणि चाळिशी त्या पिंपांकडे बघत ओलांडली. मैत्रिणींची मुलं या काळात बास्केटबॉल खेळायला लागली. माझी पिंपं कोठारात पडून होती आणि मी त्यांची वाट बघत होते.

पहिल्या हंगामाची तीस पिंपं होती. त्यांच्या झाकणांवर तापलेल्या शिक्क्याने आमचं नाव मी स्वतः उमटवलं. नव्या ओकचा तो जळका गोड वास नाकात गेला तेव्हा मला ममाची फार आठवण आली होती. डॅडी शेजारी उभे होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता.

दुसऱ्या हिवाळ्यात मी कोठाराच्या शिडीवरून पडले आणि घोटा मोडला. तेव्हापासून डॅडींनी मला वर चढू दिलं नाही. आमच्या धंद्यात पिंपातून नमुना काढायला तांब्याची एक लांब नळी असते, तिला चोर म्हणतात. दर दोनेक महिन्यांनी डॅडी तो चोर काखेत मारून शिडीने वर जायचे. मी खाली कुबडीवर, नंतर काठीवर, नंतर नुसतीच उभी. वर फळ्या करकरायच्या, त्यांची जड पावलं या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची आणि मग ते धापा टाकत उतरून एक छोटी बाटली माझ्या हातात द्यायचे. "ही अगदी वरची. बघ कशी पिकलीय." मी हुंगायचे, घोट घ्यायचे, आणि खरंच छान असायची. सत्तरी ओलांडलेला बाप लेकीच्या घोट्यापायी शिडी चढतोय याचं मला इतकं अप्रूप होतं की चर्चमध्ये मी ते चारचौघींना सांगून ठेवलं होतं.

पिंपं उतरवायचा दिवस ऑक्टोबरात आला. लेबलं सरकारकडून मंजूर होऊन, छापून, गुंडाळ्या करून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलेली होती. डॅडी एकेक पिंप खाली आणत, बूच ठोकून काढत, आणि मी टाकीपाशी उभी राहून धार बघत होते. पहिली दहा पाहून माझा जीव सुपाएवढा झाला. काय रंग होता म्हणून सांगू, जुन्या तांब्याच्या हंड्यासारखा. पुढच्यांची धार जरा फिकी वाटली.

"ही अशी का?" मी विचारलं.

"उत्तरेच्या भिंतीची आहेत ती. तिथे ऊन कुठे लागतं?" डॅडी म्हणाले. "काही पिंपं आळशीच असतात. माणसांसारखी."

मला पटलं. त्यांचं मला नेहमीच पटायचं. शिवाय एका हंगामाची सगळी पिंपं एका टाकीत ओतायची, म्हणजे चव सारखी होते, ही आमच्याकडची रीतच. तिसावं पिंप रिकामं झालं तेव्हा सगळं एकात एक मिसळून गेलं होतं. मी डॅडींच्या गळ्यात पडले. त्यांनी मला थोपटलं आणि म्हणाले की पाठ दुखतेय, जरा पडतो.

रिकामी पिंपं मी सेंट रीटा चर्चला देऊ केली होती. ती अर्धी कापून त्यात शेवंती लावायची आणि दारापुढे मांडायची, असा चर्चची फुलझाडं सांभाळणाऱ्या मिस अर्लीनचा बेत होता. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी करवत घेऊन बसले. आधी लोखंडी पट्टे स्क्रूने फळ्यांना पक्के करायचे, नाहीतर कापल्यावर पिंप पाकळ्यांसारखं उघडून पडतं. डॅडींनी परस्पर शेजारच्या गारलँडच्या ट्रकमधून पिंपं पाठवून द्यायची म्हटलं होतं, "तिकडेच कापतील, तू कशाला दमतेस." पण मला हौस. आपल्या हाताने भरलेलं आपल्या हाताने कापावं, असं मला वाटलं.

पिंप कापलं की फळीच्या जाडीत एक रेघ दिसते. आत काळा कोळसा, त्याच्यामागे तांबूस लाकूड, आणि मग ही रेघ, जिच्यापलीकडे लाकूड कोरं पांढरं राहिलेलं असतं. पाच वर्षांत व्हिस्की लाकडात कुठवर गेली आणि कुठून परत फिरली ते त्या रेघेवरून कळतं. नव्या पिंपात एक रेघ असते. हे आमच्या खोऱ्यात शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे, कारण घरोघरी त्याच फळ्या जाळून हॅमला धूर देतात.

पहिलं पिंप कापलं. त्यात दोन रेघा होत्या.

एक ताजी, बारीक. दुसरी जुनी, काळपट, पसरलेली, पार आतवर गेलेली. मी फळीची कड दोन बोटांत धरली. ती नेहमीपेक्षा पातळ होती. कुणीतरी जुनं पिंप आतून तासून पुन्हा जाळलं होतं आणि बाहेरून रंधा मारून चकचकीत केलं होतं. झाकण तेवढं नवं बसवलं होतं. शिक्का मी मारला होता तो त्या नव्या झाकणावर.

मला वाटलं, पिंपवाल्याने डॅडींना फसवलं. खरंच, माझ्या मनात पहिला विचार हाच आला, आणि त्यांच्यासाठी जीव तुटला. या वयात त्यांना हे सांगायचं कसं, या काळजीत मी दुसरं पिंप कापलं, तिसरं कापलं. मग आठवलं की डॅडी आयुष्यभर पिंपांवरून नुसता हात फिरवून कुठल्या रानातलं लाकूड ते सांगत आले होते. त्यांना फसवू शकेल असा पिंपवाला अजून जन्मला नव्हता. करवत माझ्या हातात चालूच राहिली होती. मी ती बंद केली.

दुपारी डॅडी स्वयंपाकघरात जेवत होते. शिजवलेला घेवडा आणि मक्याचा पाव. मी कापलेलं अर्धं पिंप टेबलाशेजारी आणून आपटलं.

"हे काय आहे?"

"पिंप," ते म्हणाले.

"किती वेळा भरलेलं?"

त्यांचा चमचा थांबला. "आधी बस. जेवलीस का काही?"

"किती वेळा, डॅडी?"

"दोनदा," ते म्हणाले. अगदी शांतपणे, बाहेर थंडी किती आहे ते सांगावं तसं.

"अशी किती आहेत?"

"वीस."

"तिसातली वीस."

"दहाच मिळाली गं नवी. आठवतं ना ते वर्ष? पाऊस हटत नव्हता, लाकूडतोडे रानात शिरू शकत नव्हते. जे काय लाकूड निघालं ते मोठ्या भट्ट्यांनी आधीच उचललं. पिंपवाला म्हणाला, पुढच्या वर्षी या. इकडे तुझं आंबवण उकळ्या मारतंय. तू रात्रंदिवस भांड्यापाशी, डोळे सुजलेले. तुला काय सांगणार होतो मी? नाल्यात ओत म्हणून?"

"स्टीलच्या टाकीत ठेवलं असतं. पुढच्या वर्षी नव्या पिंपात भरलं असतं."

"वर्ष फुकट गेलं असतं तुझं."

"आता पाच गेली."

ते पावाने ताटली पुसत राहिले. पुसायला तिच्यात काही उरलं नव्हतं.

"मी बदलणार होतो," ते म्हणाले. "नवी पिंपं आली की हळूच त्यात ओतायची, असं मनात होतं. पण मग वय तिथून मोजायला लागलं असतं. तू तर एकेक महिना मोजत होतीस. मग राहून गेलं."

"राहून गेलं? पत्र टाकायचं राहून जातं, डॅडी."

"ओरडू नकोस."

"आणि नमुने? अगदी वरची, अगदी वरची म्हणून मला पाजत होतात, ती कुठली?"

"खालच्या दहांतलीच."

"सगळी?"

"सगळी."

"म्हणजे तुम्ही वर जाऊन काय करत होतात?"

आता त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. "बाटली सकाळीच भरून खिशात ठेवलेली असायची. वर जरा फिरायचो. तू खाली उभी असायचीस ना. पावलं ऐकू यायला हवीत."

पिंपांचं एक वेळ मी गिळलं असतं. पावसाचं वर्ष, पोरीची तगमग, घाईत माणूस चुकतो, असं स्वतःला समजावलं असतं. पण ती पावलं मला गिळता येईनात. मी खाली उभी राहून प्रेमाने ऐकलेली ती पावलं माझ्यासाठी वाजवलेली होती. माझा मोडलेला घोटा त्यांच्या पथ्यावर पडला होता. मला जन्मात इतकं मूर्ख वाटलं नव्हतं, आणि इतकं पोरकंही.

"चव वाईट आहे का?" डॅडी म्हणाले. "तूच काल टाकीतली घेतलीस आणि डोळे मिटलेस. मग? लेबलं मंजूर आहेत. पिंपं जाळून टाकू. कोण येणार आहे बघायला? तुला ठाऊक, मला ठाऊक, आणि देवाला. तिघंही घरचेच."

"उजळणी म्हणा," मी म्हटलं.

"काय?"

"बोर्बन कशाला म्हणायचं? म्हणा ना. मला कशी म्हणायला लावायचात."

त्यांनी ताटली बाजूला सारली, उठले आणि बेसिनपाशी जाऊन नळ सोडला. मी वाट बघितली. नळ चालू होता तेवढा वेळ ते पाठमोरे उभे राहिले.

टाकीतली व्हिस्की आता वेगळी करता येणार नव्हती. दहा पिंपांची खरी बोर्बन त्या विसांत विरघळून गेली होती आणि तिला बोर्बन म्हणायची सोय राहिली नव्हती. बाँडेड तर लांबच. मी फळीवरून लेबलांच्या गुंडाळ्या काढल्या, अंगणात नेल्या आणि पेटवल्या. डॅडी खिडकीतून बघत होते. चिकट कागद होता तो, धड जळेना. नुसता घाण धूर करत राहिला.

शनिवारी सकाळी मिस अर्लीन आपला ट्रक घेऊन हजर झाल्या. सत्तरीच्या पुढच्या, लिपस्टिक लावल्याशिवाय फाटकाबाहेर न पडणाऱ्या. आमच्याकडे मान द्यायचा तर लग्न झालेल्या बाईलाही मिसच म्हणतात. त्यांचे यजमान होबर्ट जन्मभर पिंपं बांधत आले आणि पिंपं बांधतच गेले. डॅडी आणि मी अंगणात होतो. दोन दिवसांत आम्ही एकमेकांशी मीठ दे, दार लाव, याच्यापलीकडे बोललो नव्हतो.

"कुठे आहेत माझ्या कुंड्या?" मिस अर्लीन उतरता उतरता म्हणाल्या. "शेवंती आणून ठेवलीय, ती माझ्या तोंडाकडे बघत बसलीय. आणि नेल्डा, सोडतीची बाटली विसरू नकोस हं. फादरांनी रविवारी सांगून टाकलंय सगळ्यांना, की आपल्या नेल्डाच्या बोर्बनची पहिली बाटली. बायका आत्तापासून नवऱ्यांना तिकिटं घ्यायला लावताहेत."

"बाटलीवर बोर्बन असं नसेल, मिस अर्लीन," मी म्हटलं. "नुसतं व्हिस्की असेल."

"का गं?"

मी डॅडींकडे बघितलं. मुद्दामच बघितलं. त्यांनी सांगावं, त्यांच्या तोंडाने, एवढंच मला हवं होतं. ते जर म्हणाले असते की अर्लीन, माझ्या हातून झालं, तर मी तिथल्या तिथे निम्मं विसरले असते. इतकी मी तेव्हाही त्यांच्या बाजूची होते.

डॅडींनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.

"पहिलंच वर्ष होतं अर्लीन," ते म्हणाले. "पोरगी नवखी. आंबवणात जरा गडबड झाली तिच्या हातून. होतं असं. शिकेल."

मला आधी कळलंच नाही त्यांनी काय केलं ते. मग कळलं, आणि कानशिलं तापली. मिस अर्लीन माझा हात हातात घेऊन चुकचुकायला लागल्या होत्या. "असू दे गं बाई, माझ्या पहिल्या पायचा तर दगड झाला होता."

मी हात सोडवून घेतला. शेडमध्ये जाऊन एक अर्धं पिंप उचललं, बाहेर आणलं आणि कापलेली कड वर येईल असं त्यांच्यापुढे ठेवलं.

मिस अर्लीननी पर्समधून चष्मा काढला. वाकून बघितलं. मग अंगठा त्या कडेवरून हळूहळू फिरवत गेल्या, पहिल्या रेघेवरून दुसऱ्या रेघेवर, आणि फळीची जाडी चिमटीत धरून बघितली. त्यांना माझ्याइतकाच वेळ लागला.

"क्लॉड," त्या म्हणाल्या.

डॅडी फाटकाकडे बघत होते.

"होबर्ट असल्या पिंपात कोबीसुद्धा आंबवू द्यायचा नाही," मिस अर्लीन म्हणाल्या. मग त्यांनी चष्मा मिटून पर्समध्ये टाकला. "चला, भरा ट्रकमध्ये. शेवंतीला काय, एक रेघ काय नि दोन रेघा काय. पण पोरीवर ढकलायला नको होतंस तू. ते काही बरं केलं नाहीस."

कुंड्या आम्ही दोघांनीच भरल्या, एक बाजू त्यांनी धरून, एक मी धरून. ट्रक वळणापलीकडे गेल्यावर डॅडी म्हणाले, "चारचौघात माझी अब्रू काढलीस."

"माझी कुणी काढली?"

"अगं, तुझं वय आहे. लोक विसरतील. माझं आता काय उरलंय, नावच ना."

"माझंही तेच होतं," मी म्हटलं. "मला दुसरं काय हवं होतं?"

नवी लेबलं मी साधी करून घेतली. फॉगल व्हिस्की. खाली माझं नाव ठेवलं, कारण गाळली मीच होती आणि त्यात खोट नव्हती. सोडतीची बाटली दुधाच्या टँकरवर काम करणाऱ्या एकाने जिंकली. चांगली आहे म्हणाला. लेबल त्याने वाचलंही नसेल. चर्चच्या दारापुढे शेवंती लावलेली ती पिंपं मांडली होती, आणि आत शिरताना सगळेच जरा खाली वाकून कडेकडे बघत होते. डॅडींनी त्या रविवारपासून चर्चमधली आठची प्रार्थना सोडून कमी गर्दीची सहाची धरली.

नोव्हेंबरात दुसऱ्या हंगामाची पिंपं चार वर्षांची झाली. मी कोठारात गेले तर डॅडी आधीच शिडीपाशी उभे होते, चोर हातात घेऊन.

"द्या इकडे," मी म्हटलं.

"घोटा..."

"घोटा कधीच बरा झालाय."

मी वर चढले. चार वर्षांत पहिल्यांदाच. फळ्या तशाच करकरल्या. खाली ते मान वर करून उभे असणार हे मला दिसत नव्हतं, पण कळत होतं. वरच्या मजल्यावर चाळीसेक पिंपं ओळीने झोपली होती, सगळ्यांची झाकणं माझ्या शिक्क्याची. बघून काही कळेना. हुंगून, ठोकून, हात फिरवूनही कळेना. डॅडींना कळलं असतं, पण त्यांना विचारून उपयोग काय?

"ती सगळी नवी आहेत," खालून आवाज आला. "नेल्डा, ऐकतेस का? त्या वर्षी पुरेशी मिळाली होती. सगळीच्या सगळी नवी. तुझ्या ममाच्या थडग्याची शपथ."

ममाची शपथ ते कधी घेत नसत. मी खाली उतरले आणि त्यांना एक पिंप उतरवून घ्यायला सांगितलं, कुठलं ते मी बोटाने दाखवलं. आम्ही ते छोट्या टाकीत रिकामं केलं. धार गडद होती, आणि तो वास असा होता की दुसऱ्या एखाद्या वर्षी मी नाचले असते. मग मी पट्टे स्क्रूने पक्के केले, करवत घेतली आणि चांगलं पिंप मधोमध कापलं. डॅडींनी दोन्ही हातांनी ते धरून ठेवलं होतं, हलू नये म्हणून. भुसा त्यांच्या बाह्यांवर उडत होता.

दोन अर्ध्या वाट्या वेगळ्या झाल्या. मी गुडघ्यावर बसून कड पुसली. जाड, पांढरी, कोरी फळी, आणि तिच्यात एक रेघ. सबंध गोल फिरून बघितलं. एकच रेघ होती.

"बघ," डॅडी म्हणाले. "खरं सांगितलं होतं ना मी? आता पटलं?"

"या पिंपाचं पटलं," मी म्हटलं, आणि त्यांना दुसरं उतरवायला सांगितलं.